बँकेवर निर्बंध आले तर ठेवीचं काय, घरकर्जाचं काय?

सकाळी दहाच्या आधीच शाखेसमोर गर्दी जमते. शटर अर्धं वर, दारावर रिझर्व्ह बँकेच्या आदेशाची झेरॉक्स चिकटवलेली. आत कॅशियर एकच वाक्य सांगतो, "वरून आदेश आलाय, सध्या पैसे निघणार नाहीत." मुलीच्या लग्नासाठी ठेव ठेवलेला शेतकरी, निवृत्त शिक्षक, पिग्मी भरणारा पानटपरीवाला, सगळे एकाच रांगेत. त्याच रांगेत कर्जदारही असतो आणि त्याच्या मनात वेगळाच प्रश्न असतो. बँकच बंद पडत असेल तर आता हप्ता भरायचा कशाला?

मुंबईच्या न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर १३ फेब्रुवारी २०२५ ला निर्बंध आले, तेव्हा सुरुवातीला खात्यातून एक रुपयाही काढायला परवानगी नव्हती. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह म्हणजे पीएमसी बँकेवर २३ सप्टेंबर २०१९ ला निर्बंध आले, तेव्हा पहिल्या दिवशीची मर्यादा होती फक्त १,००० रुपये. सहकारी बँकाच कशाला, येस बँकेसारख्या मोठ्या खासगी बँकेतही मार्च २०२० मध्ये ५० हजारांची मर्यादा लागली होती. ती मात्र पंधरा दिवसांत उठली, कारण स्टेट बँक आणि इतर बँकांनी त्यात पैसा ओतला. छोट्या बँकेच्या मदतीला इतक्या लवकर कोणी येत नाही, हा अनुभव आहे.

निर्बंध म्हणजे बँक बुडाली असं नाही

हा फरक आधी समजून घ्यायला हवा, कारण व्हॉट्सॲपवर दोन्ही गोष्टी एकच म्हणून फिरतात. निर्बंध घातले जातात ते बँकिंग नियमन कायद्याच्या कलम ३५अ खाली. बँकेचा परवाना तसाच राहतो. पण नवीन ठेवी घेणं, नवीन कर्ज देणं, जुनं कर्ज नव्याने करून देणं, पैसे बाहेर जाऊ देणं हे सगळं रिझर्व्ह बँकेच्या परवानगीशिवाय बंद होतं. पुढे तीन वाटा असतात. बँक सावरते, दुसऱ्या बँकेत विलीन होते, नाहीतर परवाना रद्द होऊन अवसायक नेमला जातो.

पीएमसी बँक जानेवारी २०२२ मध्ये युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. न्यू इंडिया बँक ऑगस्ट २०२५ मध्ये सारस्वत बँकेत गेली. पुण्याची रुपी बँक मात्र २०१३ पासून निर्बंधाखाली होती आणि शेवटी २०२२ मध्ये तिचा परवाना रद्द झाला. नऊ वर्षं ठेवीदार हेलपाटे मारत राहिले. या काळात कितीजणांची लग्नं, आजारपणं, घरं अडकली असतील त्याचा हिशोब कोणत्याच ताळेबंदात नाही.

पाच लाखांचं गणित

बँकेतल्या ठेवीला विमा असतो. तो देते डीआयसीजीसी ही रिझर्व्ह बँकेची उपकंपनी. १९६० मध्ये पलाई सेंट्रल बँक आणि लक्ष्मी बँक बुडाल्यावर देशात ही व्यवस्था आली. विम्याचा हप्ता बँक भरते, ठेवीदाराने फॉर्म भरायचा नसतो की पैसे द्यायचे नसतात. आधी ही मर्यादा १ लाख होती. ४ फेब्रुवारी २०२० पासून ती ५ लाख झाली.

पण पाच लाख म्हणजे काय, यात बरेच जण फसतात. पहिली गोष्ट, यात मुद्दल आणि व्याज दोन्ही आलं. बरोबर ५ लाखांची एफडी केली आणि वर ३० हजार व्याज चढलं, तर ते ३० हजार विम्याच्या बाहेर. दुसरी गोष्ट, एकाच बँकेच्या सगळ्या शाखांतली, एकाच माणसाच्या नावावरची सगळी खाती मिळून पाच लाख. बचत खातं तालुक्याला, एफडी जिल्ह्याला आणि पिग्मी गावात, असं केलं तरी बँक एकच असेल तर बेरीज एकत्रच होते. वेगवेगळ्या बँकांत ठेवलं तर मात्र प्रत्येक बँकेत वेगळे पाच लाख.

संयुक्त खात्याचा हिशोब वेगळा आहे. नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर ५ लाख, बायकोच्या एकटीच्या नावावर ५ लाख आणि दोघांच्या संयुक्त नावावर ५ लाख, असे एकाच बँकेत १५ लाखही विम्याखाली येतात, कारण तिन्ही खाती वेगळ्या नात्याने धरली जातात. तरीही सगळी अंडी एकाच टोपलीत ठेवायची की नाही, हा विचार वेगळा.

सहकारी बँकेचे शेअर्स मात्र ठेव नाहीत. कर्ज घेताना ते घ्यावेच लागतात आणि नंतर विसरले जातात. त्यांना विमा नाही.

पैसे मिळायला किती वेळ लागतो? २०२१ मध्ये कायदा बदलला. आता निर्बंध लागल्यापासून ९० दिवसांत पाच लाखांपर्यंतची रक्कम द्यावी लागते. पूर्वी बँक पूर्ण बुडेपर्यंत थांबावं लागायचं, रुपी बँकेच्या लोकांचे हाल त्यामुळेच झाले. पण हे ९० दिवस आपोआप कामी येत नाहीत. ठेवीदाराला बँकेत जाऊन संमतीपत्र द्यावं लागतं, केवायसी पूर्ण असावी लागते आणि पैसे जमा व्हायला दुसऱ्या बँकेतलं खातं किंवा आधारला जोडलेलं खातं लागतं. गावाकडे अडचण इथेच होते. आजोबांच्या नावावर जुनी पावती, आधारवर नाव वेगळं, पासबुकावर वेगळं, वारस लावलेला नाही. बँक सुरळीत चालू असताना या दुरुस्त्या अर्ध्या दिवसात होतात. रांग लागल्यावर त्यालाच दोन महिने जातात.

पाच लाखांच्या वरच्या रकमेचं काय? तिला कायद्याने हमी नाही. विलीनीकरण झालं तर योजनेत काय ठरतं त्यावर. पीएमसीच्या मोठ्या ठेवीदारांना उरलेली रक्कम टप्प्याटप्प्याने, दहा वर्षांपर्यंत देण्याचं ठरलं. ज्याचं वय सत्तर आहे त्याला दहा वर्षांची योजना ऐकवणं म्हणजे काय, ते सांगायला नको. भूसंपादनाचा मोबदला आलेल्या शेतकऱ्यांनी हे जास्त लक्षात घ्यावं. ४०-५० लाख एकदम खात्यात येतात, शाखेतला माणूस ओळखीचा असतो, अर्धा टक्का जास्त व्याज मिळतं आणि सगळी रक्कम एकाच ठिकाणी राहून जाते.

पतसंस्था, मल्टिस्टेट आणि सोसायटी

तालुक्याच्या बाजारपेठेत शेजारी शेजारी दोन पाट्या असतात. दोन्हीकडे काउंटर, दोन्हीकडे पासबुक, दोन्हीकडे पिग्मी एजंट. पण एक बँक असते आणि दुसरी पतसंस्था. पतसंस्थेतल्या ठेवीला डीआयसीजीसीचा एक रुपयाचाही विमा नाही. मल्टिस्टेट क्रेडिट सोसायटीलाही नाही. गावच्या विकास सोसायटीत ठेवलेल्या ठेवीलाही नाही. जिल्हा मध्यवर्ती बँक ही बँक असल्याने तिथे विमा आहे.

जळगावची बीएचआर असो की बीडची ज्ञानराधा मल्टिस्टेट, तिथले ठेवीदार बँकेच्या ठेवीदारांपेक्षा जास्त अडकले त्याचं मूळ कारण हेच. तिथे ९० दिवसांचा कायदा लागू होत नाही. पोलिसांची आर्थिक गुन्हे शाखा, एमपीआयडी कायदा, मालमत्ता जप्ती, लिलाव, कोर्ट असा तो लांबचा रस्ता आहे. सगळ्याच पतसंस्था वाईट आहेत असं नाही. कित्येक गावांत अडीनडीला पतसंस्थाच उभी राहते, कागदासाठी महिनाभर फिरवत नाही. पण तिथे ठेव ठेवणारा माणूस संचालक मंडळाच्या भरवशावर ठेवतो, सरकारच्या नाही. एवढं माहीत असून ठेवली तर ठीक.

ओळखायची सोपी खूण अशी की परवाना नसलेल्या संस्थेला नावात 'बँक' शब्द लावता येत नाही. शंका असेल तर डीआयसीजीसीच्या वेबसाईटवर विमा असलेल्या बँकांची यादी मोबाईलवर बघता येते. यादीत नाव नसेल तर एजंट काहीही सांगो, विमा नाही.

आणि पोस्ट? पोस्टातल्या बचतीमागे थेट केंद्र सरकार आहे, तिथे पाच लाखांची मर्यादाच नाही. ज्येष्ठ नागरिक योजनेत ३० लाखांपर्यंत, मासिक उत्पन्न योजनेत एकट्याच्या नावावर ९ लाख आणि संयुक्त १५ लाखांपर्यंत ठेवता येतात. मोबदल्याची किंवा निवृत्तीची रक्कम असलेल्या घरासाठी हा पर्याय फार कमी वेळा कोणी सुचवतं, कारण कोणाला त्यात टार्गेट नसतं.

कर्जाचा हप्ता थांबत नाही

आता कर्जदाराचा प्रश्न. बँकेवर निर्बंध आले, परवाना रद्द झाला किंवा विलीनीकरण झालं, तिन्ही वेळेला कर्ज तसंच्या तसं राहतं. ठेव हे बँकेचं देणं असतं, कर्ज हे बँकेचं येणं असतं. बुडत्या बँकेचा प्रशासक पहिल्यांदा येणंच वसूल करायला बसतो, कारण त्यातूनच ठेवीदारांना द्यायचं असतं. पीएमसीची चांगली कर्जं युनिटीकडे गेली, न्यू इंडियाची सारस्वतकडे. कर्जदाराच्या दृष्टीने फक्त पावतीवरचं नाव बदललं.

हप्ता थांबवला तर खातं थकीत होतं, सिबिल बिघडतं आणि पुढे ट्रॅक्टरचं कर्जही कोणी देत नाही. सहकारी संस्थेचं कर्ज असेल तर सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला निघतो. शेतजमिनीवर सरफेसी कायदा चालत नाही म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांनी हे कलम विसरू नये. म्हणून निर्बंध आलेल्या बँकेत हप्ता भरताना पावती घ्यावी, ऑनलाईन भरला तर त्याचा पुरावा जपावा. रोख रक्कम ओळखीच्या कर्मचाऱ्याच्या हातात देऊन "भरून टाका" म्हणू नये.

पीककर्जाचंही तेच. तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जाला शून्य टक्क्याचा लाभ मिळतो तो वेळेत भरलं तर. जिल्हा बँक अडचणीत आहे म्हणून भरणं टाळलं तर बँकेचं काही जात नाही, सवलत आपली जाते.

खरी पंचाईत होते ती अर्ध्या बांधकामाची. घरकर्ज एकरकमी मिळत नाही. जोत्याला एक टप्पा, स्लॅबला दुसरा, प्लास्टर-फरशीला तिसरा. समजा एका कुटुंबाला १२ लाख मंजूर झाले, ५ लाख मिळाले, स्लॅब पडला आणि बँकेवर निर्बंध आले. आता उरलेले ७ लाख रिझर्व्ह बँकेच्या परवानगीशिवाय मिळत नाहीत, मिळालेल्या ५ लाखांवर व्याज चालू, आणि घर उघडं. दुसरी बँक सहजासहजी कर्ज देत नाही, कारण मिळकतीवर पहिल्या बँकेचा बोजा आहे. अशा वेळी घाईने खासगी सावकार गाठण्यापेक्षा दुसऱ्या बँकेकडे टेकओव्हरची मागणी करावी, म्हणजे ती बँक पहिल्याचे ५ लाख भरून कागद सोडवते आणि पुढची रक्कम देते. त्याला प्रोसेसिंग फी, सर्च रिपोर्ट, नवीन गहाणखत असा खर्च येतो. तरी सावकाराच्या शेकडा दरापुढे तो काहीच नाही.

ठेव आणि कर्ज एकाच बँकेत असेल तर

ही गोष्ट बहुतेकांना कोणी सांगत नाही, म्हणून जरा थांबून बघू. एका माणसाची एकाच सहकारी बँकेत ९ लाखांची एफडी आहे आणि ६ लाखांचं घरकर्ज बाकी आहे. निर्बंध आले. विम्याचा हिशोब करताना आधी कर्ज ठेवीतून वजा होतं. ९ मधून ६ गेले, उरले ३ लाख, आणि ते पूर्ण विम्यात बसतात. म्हणजे या माणसाचं काहीच बुडत नाही. त्याच्या शेजाऱ्याची ९ लाखांची एफडी आहे पण कर्ज नाही. त्याला ५ लाख मिळतील, ४ लाख अडकतील.

निर्बंधाच्या काळात ठेवीतून कर्ज वळतं करायला रिझर्व्ह बँक सहसा अटींवर परवानगी देते. कर्जाच्या करारात तशी तरतूद आहे का ते बघून लेखी अर्ज द्यावा. तसं झालं तर अडकलेल्या पैशाने कर्ज फिटतं आणि पुढचं व्याज वाचतं.

याची दुसरी बाजू जामीनदारांची. गावात जामीन न राहिलेला माणूस सापडणं कठीण. निर्बंधाच्या आदेशात अशी अट असते की खातेदार बँकेचं देणं लागत असेल, मग तो स्वतः कर्जदार असो की जामीनदार, तर काढायची रक्कम आधी त्या कर्जखात्यात वळती करता येते. म्हणजे चुलतभावाच्या थकलेल्या कर्जासाठी केलेली सही स्वतःच्या ठेवीपर्यंत येऊन पोहोचते. आपण कुठे कुठे जामीन आहोत आणि ते कर्ज नियमित आहे का, हे बँकेत विचारण्याचा हक्क जामीनदाराला आहे. भीड वाटली तरी विचारावं.

जादा पैसे आले तर एफडी की कर्जफेड?

घरकर्ज साडेआठ-नऊ टक्क्याने चालू आहे आणि हातात ८-१० लाख आले, तर त्याची सात टक्क्यांची एफडी करण्यात दुहेरी तोटा आहे. व्याजात दीड-दोन टक्के जातात आणि पाच लाखांवरची रक्कम जोखमीत राहते. कर्जात भरलेला पैसा कुठलीही बँक बुडाली तरी बुडत नाही. वैयक्तिक घरकर्ज बदलत्या व्याजदराचं असेल तर मुदतीआधी भरण्याला दंडही नाही. स्थिर दराच्या कर्जाला मात्र दंड असू शकतो, करार वाचावा.

पण सगळाच पैसा कर्जात घालू नये. शेतकऱ्याच्या घरात पगाराची पहिली तारीख नसते. पुढच्या हंगामाचं बी-खत, सहा-आठ महिन्यांचा घरखर्च आणि दवाखान्याची तजवीज एवढं बाजूला हवंच. तेही दोन वेगळ्या बँकांत, म्हणजे एक थांबली तरी दुसरीतून दूध-किराणा चालतो. पीएम किसानचे किंवा दुधाचे पैसे ज्या खात्यात येतात तेच एकमेव खातं असणं धोक्याचं.

बदलता दर की स्थिर दर, हाही प्रश्न नेहमी येतो. मे २०२२ मध्ये रेपो दर ४ टक्क्यांवर होता, फेब्रुवारी २०२३ पर्यंत साडेसहा झाला. ज्यांचं कर्ज बदलत्या दराचं होतं त्यांचा हप्ता तेवढाच राहिला, पण मुदत गुपचूप वाढली. कित्येकांना ते नंतर कळलं. २०२५ मध्ये दर खाली आले, तेव्हा त्याच लोकांना फायदा झाला. आता नियम असा आहे की दर बदलला की हप्ता वाढवायचा की मुदत वाढवायची हे कर्जदाराला विचारावं लागतं. वीस वर्षांच्या कर्जाला बदलता दरच बहुतेकांना परवडतो, कारण सुरुवातीचा स्थिर दर जास्त असतो. मात्र हप्ता उत्पन्नाला अगदी चिकटून असेल तर दोन टक्के वाढ झाली तर काय, हे आधी कागदावर मांडावं.

त्याहून मोठा फरक पडतो तो कर्ज कुठून घेतलं त्याने. १० लाख, २० वर्षं, साडेआठ टक्के असेल तर हप्ता सुमारे ८,६७८ रुपये. तेच १४ टक्क्याने घेतलं तर १२,४३५. वीस वर्षांत फरक ९ लाखांचा, म्हणजे जवळजवळ मूळ कर्जाएवढा. गावठाणातलं घर, बिगरशेती नसलेली जागा, नमुना ८ वर वडिलांचंच नाव, यामुळे मोठी बँक नाही म्हणते आणि माणूस महाग कर्जाकडे वळतो. अशा वेळी आधी कागद नीट करण्यात तीन महिने गेले तरी चालतात. स्वामित्व योजनेत गावठाणाची मोजणी झालेल्या गावांत मालमत्ता पत्रक मिळतं, त्यावर कर्जाची मागणी करता येते. आणि कोणी 'फ्लॅट दहा टक्के' म्हणालं तर सावध. पाच वर्षांच्या कर्जाला फ्लॅट दहा म्हणजे घटत्या शिलकीवर सव्वासतरा टक्क्यांच्या आसपास पडतं.

कागद परत मिळेपर्यंत

कर्ज पूर्ण फिटल्यावर बँकेने ३० दिवसांत मूळ कागदपत्रं परत द्यायची असतात. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. डिसेंबर २०२३ पासूनचा हा नियम सहकारी बँकांनाही लागू आहे. बँक विलीन झाली असेल तर नव्या बँकेकडे, अवसायनात असेल तर अवसायकाकडे बेबाकी दाखला मागायचा. तो घेऊन तलाठ्याकडे अर्ज द्यायचा, सातबाऱ्याच्या इतर हक्कांतला बोजा कमी करणारा फेरफार मंजूर झाला की नवा उतारा काढून बघायचा. जुन्या, बंद पडलेल्या बँकेचं नाव उताऱ्यावर तसंच राहिलेले कित्येक सातबारे आजही आहेत, आणि त्या बँकेचं कार्यालय कुठे गेलं ते वारसांना माहीत नसतं.